वाचकांचे प्रश्न : कुलूप नसलेले जुने गेम

गेल्या अंकात ‘गॉग’ या वॉर्सामधल्या ऑनलाइन दुकानाबद्दल एक छोटी चौकट दिली होती. ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने ते २००८ मध्ये सुरू झालं आणि २०१२ पासून नावाची आद्याक्षरंच तेवढी उरली. जुने कॉम्प्युटर गेम आजच्या मशीनवर चालतील असे करायचे आणि डीआरएमचं कुलूप न लावता विकायचे, ही त्या दुकानाची ओळख. त्या चौकटीवर बरेच प्रश्न आले. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत आणि ज्यांना पायरीपायरीने उत्तर लागतं त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : डीआरएम म्हणजे नक्की काय? मी पैसे भरून गेम घेतला असेल तर ते असलं काय, नसलं काय, मला काय फरक पडतो? (सातारा)

विकत घेतलेली वस्तू वापरण्याआधी कुणाची तरी परवानगी घ्यायला लावणारी यंत्रणा म्हणजे डीआरएम. ही परवानगी कधी ड्राइव्हमधली मूळ सीडी देते, कधी कंपनीचा सर्व्हर. परवानगी मिळतेय तोवर काहीच जाणवत नाही, हे तुमचं खरं आहे. परवानगी देणारा नाहीसा झाला की जाणवतं.

आपल्याकडच्या मुलांच्या चांगल्या ओळखीचा ‘जीटीए ४’ घ्या. डिसेंबर २००८ मध्ये तो कॉम्प्युटरवर आला तेव्हा त्याला तीन कुलपं होती : सेक्यूरॉम या कॉपी रोखणाऱ्या प्रोग्रॅमचं ॲक्टिव्हेशन, मायक्रोसॉफ्टची ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ ही सेवा आणि रॉकस्टार या निर्मात्या कंपनीचं स्वतःचं सोशल क्लब. पुढे मायक्रोसॉफ्टने ती सेवा गुंडाळत आणली. जानेवारी २०२० मध्ये अशी वेळ आली की नव्या गिऱ्हाइकाला द्यायला त्या सेवेचे कोडच तयार होईनात, म्हणून गेम स्टीम या ऑनलाइन दुकानावरून विक्रीतून काढावा लागला. मार्चमध्ये ते कुलूप काढून तो परत आला, पण येताना मल्टिप्लेअर गेलं होतं. त्याआधी, एप्रिल २०१८ मध्ये, गाण्यांचे १० वर्षांचे परवाने संपले म्हणून एका अपडेटने गेममधल्या रेडिओवरची बरीच गाणी काढून टाकली होती. ‘व्लादिवोस्तोक एफएम’ या गेममधल्या स्टेशनला त्याचा सर्वांत मोठा फटका बसला. २००८ मध्ये पूर्ण किंमत मोजलेल्यांच्या गेममधूनही ती गाणी गेली.

कुलूप नसलेल्या दुकानातून तुम्हाला मिळतो तो इन्स्टॉलर. तो एकदा उतरवून घेतला की पुढे कुणाला विचारत नाही. नेट नसो, खातं बंद होवो, गाण्याचा परवाना संपो, तुमच्याकडची फाइल घेतली त्या दिवशी होती तशीच राहते.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ ते २००३ या काळातल्या सात-आठ गेमच्या मूळ सीडी आहेत. एकावरही चरा नाही, पण विंडोज ११ वर एकही चालत नाही. सीडी खराब झाल्या का? (नाशिक)

बहुधा सीडी ठणठणीत आहेत. आधी लक्षण नीट बघा, कारण दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांवरचे उपायही वेगळे.

पहिला : सेटअपवर दोनदा क्लिक केल्याबरोबर ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. गेम ३२ बिटचा असूनही त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, हे त्या काळात सर्रास चालायचं. ६४ बिट विंडोज १६ बिटचं काहीच चालवत नाही आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये कितीही बदल केले तरी हे सुटत नाही.

दुसरा : इन्स्टॉल नीट होतं, पण गेम उघडताना ‘सीडी घाला’ म्हणतो किंवा काहीच न बोलता बंद होतो. सीडी एक्सप्लोररमध्ये उघडा. सात शून्यं आणि एक असं नाव असलेली टीएमपी फाइल, किंवा ‘सेकड्राइव्ह’च्या आखूड स्पेलिंगची एसवायएस फाइल दिसली, तर ते सेफडिस्क हे कुलूप आहे. मूळ सीडी ओळखण्यासाठी ते विंडोजच्या अगदी गाभ्यात एक ड्रायव्हर बसवायचं. त्या ड्रायव्हरमधून मशीनचा पूर्ण ताबा घेता येईल अशी भेग २००७ मध्ये उघड झाली. २०१५ मध्ये विंडोज १० आलं ते या ड्रायव्हरशिवाय, आणि त्याच सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट काढून व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. म्हणजे कुलूप जागेवर आहे आणि किल्ली कायमची काढून घेतली आहे. तो ड्रायव्हर पुन्हा चालू करायच्या युक्त्या नेटवर सापडतील. त्या करू नका. एका गेमसाठी बँकेचे व्यवहार होणारं मशीन उघडं टाकणं परवडणारं नाही.

मग करायचं काय? आधी निर्मात्याने शेवटच्या अधिकृत पॅचमध्ये सीडीची अट काढली आहे का ते पाहा, काहींनी काढली होती. गेम ‘डूम’च्या घराण्यातला असेल तर सीडीवरची डब्ल्यूएडी फाइल तेवढी उचला आणि जीझेडडूम या आजच्या इंजिनला द्या. ‘डूम’चा सोर्स कोड १९९७ च्या डिसेंबरमध्येच खुला झाला, त्यामुळे नवं इंजिन आणि तुमची जुनी फाइल ही जोडी उत्तम चालते. पॉइंट-अँड-क्लिक साहसकथा असेल तर हेच काम स्कमव्हीएम करतो. बाकी गेमसाठी ८६बॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज ९८ उभं करता येतं, पण त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. तोच गेम कुलपाशिवाय विकत मिळत असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : पाच-दहा डॉलर द्या आणि मोकळे व्हा. जुना गेम विंडोज १० किंवा ११ वर नेटवरून खेळताना ‘डायरेक्टप्ले’ मागू लागला, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत ‘लेगसी कंपोनंट्स’खाली त्याची खूण करा. तेवढं पुरतं.

प्रश्न : डॉसबॉक्स (विंडोजच्या आधीच्या डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) फुकट आहे. मग दुकान पैसे कशाचे घेतं? (कोल्हापूर)

दोन गोष्टींचे. पहिली म्हणजे हक्क शोधण्याची उस्तवार. ‘सिस्टिम शॉक २’ १९९९ मध्ये आला, २००० मध्ये लुकिंग ग्लास ही कंपनी बंद पडली आणि हक्क फिरत फिरत एका विमा कंपनीकडे गेले. वर्षानुवर्षं हा गेम कायदेशीररीत्या विकत मिळत नव्हता. २०१२ मध्ये स्टीफन किक नावाच्या कलाकाराला मध्य अमेरिकेच्या प्रवासात तो खेळावासा वाटला, मिळेना, म्हणून त्याने त्या विमा कंपनीला गाठून बोलणी केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये गेम गॉगवर आला आणि त्यातूनच नाइटडाइव्ह हा स्टुडिओ उभा राहिला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत असं दिसलं. एकेक गेम या ८७ टक्क्यांतून बाहेर काढण्यामागे अशी कागदपत्रांची लढाई असते.

दुसरी म्हणजे गेम चालता करण्याचं काम. ‘अल्टिमा ७’ १९९२ चा. त्याने स्वतःचा ‘वूडू’ नावाचा मेमरी मॅनेजर आणला होता आणि तो तेव्हाच्या नेहमीच्या ईएमएम३८६ शी जुळत नसे. त्या काळातही या एका गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी बनवावी लागायची. शिवाय सुरुवातीच्याच ट्रिन्सिक गावात महापौर तुम्हाला थांबवून नकाशा आणि पुस्तिकेवरचे प्रश्न विचारतो. तेच त्याचं कुलूप होतं. उत्तर चुकलं तर गावाचा दरवाजा उघडत नाही. दुकानातून घेतलात तर सेटिंग तयार मिळते आणि सोबत पुस्तिका व नकाशा पीडीएफमध्ये. गेमबरोबर मिळणाऱ्या या जादा फायलींना अनेक जण शोभेच्या वस्तू समजतात. अशा गेमच्या बाबतीत त्या नसतील तर पुढे जाताच येत नाही.

प्रश्न : गेम घेतला, सुरू झाला, पण माणसं बुटकी आणि पसरट दिसतात, कधी सगळं सुसाट पळतं, आवाज तडतडतो. काय बदलू? (अमरावती)

डॉसच्या गेमच्या फोल्डरात ‘डॉसबॉक्स’ नावाने सुरू होणाऱ्या दोन कॉन्फ, म्हणजे सेटिंगच्या, फायली असतात. ज्या फाइलच्या नावात शेवटी ‘सिंगल’ आहे तिच्यात फक्त गेम सुरू करण्याच्या आज्ञा असतात. तिला हात लावू नका. दुसरी नोटपॅडमध्ये उघडा, आणि बदल करून झाले की तिची एक प्रत बाजूला ठेवा, कारण गेम पुन्हा इन्स्टॉल केला की तुमचे बदल पुसले जातात.

बुटकेपणाचं कारण असं : त्या काळचं चित्र ३२० गुणिले २०० ठिपक्यांचं, पण ते ४:३ आकाराच्या काचेच्या मॉनिटरवर पूर्ण ताणलं जायचं. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा २० टक्के उंच दिसे, आणि चित्रकाराने चेहरे ते गृहीत धरूनच काढले होते. आजच्या चौकोनी ठिपक्यांवर तेच चित्र चपटं होतं. ‘ॲस्पेक्ट’ समोर ‘ट्रू’ लिहा, ‘आउटपुट’ला ‘ओपनजीएल’ आणि ‘फुलरिझोल्यूशन’ला ‘डेस्कटॉप’. १०८० ओळींच्या पडद्यावर चित्र १४४० गुणिले १०८० येईल आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या पट्ट्या बरोबर आहेत. चित्रात चंद्र, चाक, ढाल असं काही गोल दिसेल तिथे पट्टी लावून मोजा, उंची-रुंदी सारखी यायला हवी.

वेगाचं गणित ‘सायकल्स’ या ओळीत आहे. ‘ऑटो’ असेल तर साध्या रिअल मोडच्या गेमला ३००० सायकल्स मिळतात आणि प्रोटेक्टेड मोडमधल्या गेमला मशीन देईल तेवढ्या. त्यामुळे काही गेम रखडतात, काही उधळतात. ‘फिक्स्ड’ लिहून आकडा द्या. १९९० च्या आसपासच्या गेमला ६ ते ८ हजार (साधारण ३८६, ३३ मेगाहर्ट्‌झ), १९९३-९४ च्या गेमला २५ हजारांच्या आसपास (४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्‌झ). गेम चालू असताना कंट्रोल-एफ१२ दाबलं की वेग १० टक्के वाढतो, कंट्रोल-एफ११ ने २० टक्के उतरतो, आणि चालू आकडा खिडकीच्या मथळ्यात दिसतो. लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागेल. जमलेला आकडा फाइलमध्ये लिहून टाका.

आवाज तडतडतो तो बहुतेकदा सायकल्स जास्त दिल्यामुळे : मशीनला दम लागतो आणि आवाजाचा पुरवठा तुटतो. आधी आकडा उतरवा. तरी राहिला तर मिक्सर विभागात ‘प्रीबफर’ २०-२५ असेल तो ६० करा. गेमच्या स्वतःच्या साउंड सेटअपमध्ये विचारलं तर साउंड ब्लास्टर १६, पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, हाय डीएमए ५. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ१०.

गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये इन्स्टॉल करू नका. तिथे विंडोज लिहू देत नाही, सेव्ह फायली ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या आडजागी जातात आणि सेव्ह गायब झाल्यासारखे वाटतात. इन्स्टॉलर ‘सी’ ड्राइव्हवर ‘गॉग गेम्स’ असं साधं फोल्डर सुचवतो, ते बरोबर आहे.

प्रश्न : माझ्या लायब्ररीत आता ६० गेम झाले. सगळे गॉगच्या गॅलेक्सी ॲपमधून इन्स्टॉल करते. हे सुरक्षित आहेत ना? (पुणे)

ताई, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गेम तुमच्या खात्यात दिसतोय, इतकंच सध्या झालंय. दुकानाने कुलूप लावलं नाही याचा उपयोग फाइल तुमच्या डिस्कवर आल्यानंतर. तोपर्यंत तुम्ही आणि कुलूपवाल्या दुकानाचं गिऱ्हाईक एकाच रांगेत उभे आहात. कुलूप नसलेल्या दुकानाचे बहुतेक चाहते इथेच थांबतात, आणि त्याची आम्हाला मनापासून काळजी वाटते.

असं करा. ब्राउझरमधून खात्यात शिरा, लायब्ररीत गेमचं चित्र उघडा आणि ‘ऑफलाइन बॅकअप गेम इन्स्टॉलर्स’ हा भाग शोधा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि भाषा निवडा. छोट्या गेमला एकच ईएक्सई फाइल असते. मोठ्याला ईएक्सई आणि त्याच नावाच्या, शेवटी १, २, ३ आकडे असलेल्या बिन फायली. सगळ्या उतरवा, सगळ्या एकाच फोल्डरात ठेवा आणि नावं बदलू नका. ईएक्सई आपले भाग नावावरूनच शोधते. अर्धी डाउनलोड झालेली एक बिन फाइल हे ‘सेटअप करप्ट’ या संदेशाचं नेहमीचं कारण, आणि अशा वेळी तेवढीच एक फाइल पुन्हा उतरवली तरी भागतं. त्याच पानावर खाली पुस्तिका, नकाशे, संगीत असतं. ते इन्स्टॉलरमध्ये येत नाही, वेगळं घ्यावं लागतं.

आता परीक्षा : वायफाय बंद करा आणि उतरवलेल्या फाइलवरून गेम इन्स्टॉल करून सुरू करा. चालला तर तो तुमचा झाला. साठही गेमवर हे एकदम जमणार नाही, रोज रात्री दोन करा. जागेचं म्हणाल तर डॉसच्या काळातले गेम काही एमबी ते काहीशे एमबींत बसतात. मोठी जागा खातात ते २०१० नंतरचे.

फोल्डराच्या नावात गेम, आवृत्ती आणि तारीख लिहा. नवी आवृत्ती आली तर जुनी लगेच पुसू नका. वर ‘जीटीए ४’च्या गाण्यांचं काय झालं ते वाचलंतच. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ आज्ञेला ‘हॅशफाइल’ हा पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ दिलं की ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. तो एका टेक्स्ट फाइलमध्ये टिपून ठेवा. वर्षभराने पुन्हा काढा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल बिघडली आहे.

दोन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्य असेल तर दोन वेगळ्या घरांत. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी नाहीत, त्यांतला साठा विद्युतभारावर टिकतो आणि तो हळूहळू ओसरतो. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीवरही मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिस्त ठेवू नका, दमटपणा थरांत शिरतो आणि बुरशीही धरते. हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा आणि सहा महिन्यांनी एकदा जोडून बघा.

सेव्ह फायली राहिल्याच. ॲपमधली क्लाउड सेव्ह ही सेवा आहे, ती फाइलबरोबर येत नाही. डॉसच्या गेमचे सेव्ह गेमच्याच फोल्डरात असतात. नंतरच्या गेमचे ‘डॉक्युमेंट्स’, ‘सेव्ह्ड गेम्स’ किंवा ‘ॲपडेटा’मध्ये. तेही कॉपी करा.

मॅकवाल्यांनी आणि लिनक्सवाल्यांनीसुद्धा विंडोजचा इन्स्टॉलर घेऊन ठेवावा. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकने ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले आणि जुन्या मॅक आवृत्त्या एका रात्रीत निकामी झाल्या. कुलूप नव्हतं तरीही. पण विंडोजच्या इन्स्टॉलरच्या पोटात डॉस गेमच्या मूळ फायली असतात. त्या ‘इनोएक्स्ट्रॅक्ट’ने बाहेर काढून कुठल्याही डॉसबॉक्समध्ये चालवता येतात.

प्रश्न : दुकानच बंद पडलं किंवा गेम विक्रीतून काढला तर? (ठाणे)

विक्रीतून काढणं वारंवार घडतं. २०१३ च्या अखेरीस ‘फॉलआउट’चे जुने तीन गेम हक्क बदलल्यामुळे गॉगवरून उतरले, ते ऑगस्ट २०१५ मध्ये परत आले. डिसेंबर २०२४ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’चे पहिले दोन भाग निर्मात्याच्या सांगण्यावरून काढले गेले. दोन्ही वेळा ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्या खात्यात गेम राहिले, आणि ‘वॉरक्राफ्ट’च्या वेळी दुकानाने गिऱ्हाइकांसाठी देखभाल चालू ठेवायचं जाहीर केलं. चांगली वागणूक आहे, आणि ती तशीच राहावी. पण सप्टेंबर २०१० मध्ये याच दुकानाने नव्या रूपाची जाहिरात म्हणून काही दिवस आपण बंद पडल्याचं भासवलं होतं, आणि नंतर साधूंच्या वेशात माफी मागितली. त्या दिवसांत ज्यांनी फायली उतरवल्या होत्या ते शांत होते, बाकीच्यांची झोप उडाली. वरचं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : कुलूप नाही म्हटल्यावर लोक कॉपी करून वाटणारच. असं दुकान टिकतं कसं? (लातूर)

हे दुकान ज्यांनी काढलं ते सीडी प्रोजेक्टवाले चाचेगिरीतच वाढले. १९९४ मध्ये वॉर्सात त्यांनी धंदा सुरू केला तेव्हा बाजारात जिकडेतिकडे कॉपी विकल्या जात. अडवणूक करून गिऱ्हाईक मिळत नाही हे त्यांनी तिथे ओळखलं. १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणताना त्यांनी खोक्यात नकाशा, नियमपुस्तिका आणि संगीताची सीडी भरली. कॉपीवाल्याकडे यातलं काहीच नव्हतं, आणि गेम जोरात खपला.

२०११ च्या मे महिन्यात तर याची उघड कसोटी झाली. त्यांचाच ‘विचर २’ दुकानातल्या खोक्यात सेक्यूरॉमसह आला आणि गॉगवर कुलपाशिवाय. चाचे गॉगची आयती प्रत उचलतील असं सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात कुलूप फोडलेली खोक्यातली प्रतच आधी पसरली. काही दिवसांत पॅच काढून खोक्यातल्या गेमचंही कुलूप काढून टाकलं. कुलपाचा त्रास झाला तो पैसे भरलेल्यांना.

प्रश्न : मग मी एक प्रत मित्राला दिली तर चालेल? आणि ‘अबँडनवेअर’ (कंपनीने वाऱ्यावर सोडलेले गेम) म्हणून फुकट मिळतात ते? (बेळगाव)

मित्राला देणं चालणार नाही. तुम्ही घेता तो स्वतःपुरता वापरण्याचा परवाना. कुलूप नाही याचा अर्थ हक्क सोडले असा होत नाही. स्वतःसाठी बॅकअप मात्र निर्धास्त ठेवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून प्रोग्रॅमची प्रत करायला मुभा आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ‘तुम्ही परवाना घेत आहात’ हे दुकानांना स्पष्ट सांगावं लागतं. कायमची ऑफलाइन प्रत उतरवता येत असेल तर त्यातून सूट आहे, म्हणजे हा फरक आता तिथल्या कायद्यालाही दिसतो.

‘अबँडनवेअर’ असा कायद्यात कुठलाच वर्ग नाही. आपल्याकडे प्रोग्रॅमला साहित्यकृतीचं संरक्षण आहे, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाहीत, ‘सिस्टिम शॉक २’ सारखे ते कुणाकडे तरी जातात. शिवाय अशा जागांवरच्या ईएक्सई फायलींत कुणी काय भरलंय ते कळायला मार्ग नसतो.

प्रश्न : दुकानातलं सगळंच खरोखर कुलपाशिवाय असतं का? (पणजी)

एकट्याने खेळायचे जुने गेम, हो. नव्या गेममध्ये ऑनलाइन सामने किंवा काही बक्षिसं ॲपवर अवलंबून असू शकतात, म्हणून गेमच्या पानावर खालपर्यंत वाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये २०१६ चा ‘हिटमॅन’ तिथे आला. त्यातली प्रगती नोंदवायला नेट लागायचं. गिऱ्हाइकांनी इतकी जोरदार तक्रार केली की पुढच्याच महिन्यात तो काढून घेतला. अशा दुकानाची राखण गिऱ्हाइकांनीच करायची असते.

प्रश्न : कार्ड नाकारलं जातं. आणि गेम चाललाच नाही तर पैसे जातील का? (जळगाव)

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, मर्यादा छोटी ठेवा. डॉलरमधल्या व्यवहारावर बँक चलन बदलण्याचं शुल्क लावते, साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या शुल्कावर जीएसटी. पैसे परत मागायला ३० दिवस मिळतात, गेम उतरवून खेळला असला तरी. ही सवलत भरवशावर चालते, जपून वापरा. एकही रुपया न घालता बघायचं असेल तर १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ तिथे फुकट आहे आणि स्कमव्हीएमवर चालतो. उतरवणं, ऑफलाइन परीक्षा, बॅकअप, सगळी तालीम त्याच्यावर होते.

प्रश्न : भाऊ दुबईला असतो. लहानपणी लॅनवर खेळायचो ते डॉसचे गेम आता नेटवरून खेळता येतील का? (रत्नागिरी)

येतील. दोघांनी आपापली प्रत घ्या. दोघांच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘आयपीएक्स’ (त्या काळचं लॅनचं तंत्र) समोर ‘ट्रू’ लिहा. एकाने डॉसबॉक्समध्ये ‘आयपीएक्सनेट स्टार्टसर्व्हर’ आणि दुसऱ्याने ‘आयपीएक्सनेट कनेक्ट’ व पुढे पहिल्याचा आयपी पत्ता द्यायचा. हे यूडीपीच्या २१३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. अडचण बहुधा इथेच येईल : आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. तसं झालं तर दोन्हीकडे झीरोटियर किंवा टेलस्केल टाकून एकच खासगी जाळं बनवा आणि ते देईल तो पत्ता वापरा.

‘डूम’ सेकंदाला ३५ वेळा प्रत्येक खेळाडूच्या हालचालीची वाट बघतो, एकाचं नेट अडखळलं की दोघांचा पडदा थांबतो. म्हणून सुरुवात ‘वॉरक्राफ्ट’ सारख्या डावपेचाच्या गेमने करा, त्यात थोडा उशीर खपतो. दोघांकडे गेमची आवृत्ती एकच हवी आणि सायकल्सचा आकडाही सारखाच ठेवा. नाहीतर जोडणी होते, पण दोन-चार मिनिटांत दोन्ही डाव वेगवेगळे होऊन तुटतात.